ऑपरेशन, रेडिएशन की नुसती देखरेख? प्रोस्टेट कॅन्सरचा उपचार निवडताना

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "वय ६५. शाळेतून निवृत्त, कराडजवळच्या गावात राहतो. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ७.२ निघाला, एमआरआय झाला, बायोप्सीत १२ पैकी ३ तुकड्यांत कॅन्सर, ग्लीसन ३+४. गाठ ग्रंथीच्या आतच आहे म्हणतात. नऊ वर्षं शुगर आहे, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. एक डॉक्टर म्हणतात रोबोटिकने काढून टाकू, दुसरे म्हणतात रेडिएशनची २० सिटिंग पुरेत, तिसरे म्हणतात घाई नको, लक्ष ठेवू. मुलगा म्हणतो, काढून मोकळे व्हा. लघवी कपड्यांत होत राहिली तर वारीला कसा जाणार? आम्हा नवरा-बायकोतले संबंध संपणार का? मुलगा शेजारी बसलेला असताना हे डॉक्टरांना विचारवत नाही. शिवाय बोन स्कॅन करावा का, नातवाला जवळ घ्यावं का, अशाही शंका आहेत. तुमचं मत काय?"

नमस्कार गुरुजी,

तुमच्या रिपोर्टांवरून आधी एक गोष्ट: घाई करण्यासारखं यात काही नाही. पीएसए १० च्या आत, ग्लीसन (पेशी किती आक्रमक दिसतात याचे गुण) ३+४, निम्म्याहून कमी तुकड्यांत कॅन्सर आणि गाठ ग्रंथीच्या आत, या चौघांची बेरीज 'अनुकूल मध्यम जोखीम' अशी होते. या गटात तिन्ही डॉक्टरांचं म्हणणं वैद्यकशास्त्राला धरूनच आहे, त्यामुळे त्यांतलं कोण चूक हे शोधत बसू नका. दोन-तीन महिने विचारात गेले तरी काही हातचं जात नाही. बायोप्सीची सूज उतरावी म्हणून सर्जनही सहसा सहाएक आठवडे थांबतात.

हे आम्ही कशाच्या आधारावर म्हणतो? ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात 'प्रोटेक्ट' नावाच्या अभ्यासात १,६४३ पुरुषांना चिठ्ठी टाकून तीन गटांत वाटलं: ऑपरेशन, रेडिएशन आणि देखरेख. १५ वर्षांनी प्रोस्टेट कॅन्सरनेच मृत्यू झाला असे देखरेखीच्या गटात ३.१ टक्के, ऑपरेशनच्या २.२ आणि रेडिएशनच्या २.९ टक्के निघाले. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. आजार शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र देखरेखीत दुप्पट होतं: ९.४ टक्के, तर उपचार घेतलेल्यांत ५ टक्क्यांच्या आसपास. त्या अभ्यासातल्या बहुतेकांचा आजार तुमच्यापेक्षा सौम्य, ग्लीसन ६ चा (३+३) होता आणि तेव्हाची देखरेख मुख्यतः पीएसएवर चालायची, आजच्यासारखी एमआरआयवर नाही. या दोन गोष्टी ध्यानात ठेवूनही निष्कर्ष बदलत नाही. आयुष्याची वर्षं तिन्ही मार्गांत जवळपास सारखी आहेत. बदलतो तो मागे राहणारा त्रास. म्हणून कोणता त्रास तुम्हाला झेपेल आणि कोणता अजिबात नको, यावर उपचार ठरवायला हरकत नाही. तुमची भीती फालतू नाही. निवड तिच्यावरूनच करायची आहे.

आधी आजची स्थिती कागदावर उतरवा

हे काम सहसा कुणी करत नाही आणि पुढे गोंधळ होतो तो त्यामुळेच. उपचारानंतर "पूर्वी असं नव्हतं" असं सगळे म्हणतात, पण पूर्वी नेमकं कसं होतं याची नोंद कुणाकडे नसते.

तीन दिवस लघवीची वही ठेवा. मापाचा मग घ्या. दर वेळी किती वाजता, किती मिली आणि रात्री किती वेळा उठलात ते लिहा. डॉक्टरांकडून आयपीएसएस ही सात प्रश्नांची लघवीची प्रश्नावली मागून घ्या. तिचे गुण ० ते ३५ असतात. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० च्या पुढे तीव्र त्रास. ताठरतेसाठी आयआयईएफ-५ ही पाच प्रश्नांची प्रश्नावली आहे, गुण ५ ते २५. २२ किंवा जास्त म्हणजे व्यवस्थित. ही एकांतात, खरी भरा. शौचाबाबत एवढंच लिहा: दिवसातून किती वेळा, घाई होते का, मूळव्याधीचं रक्त जातं का.

या कागदांवरून निम्मा निर्णय होतो. लघवीची धार आधीच बारीक, रात्रीत चार वेळा उठणं आणि आयपीएसएस २० च्या वर असेल, तर रेडिएशनने हा त्रास वाढतो. तिथे ऑपरेशनचं पारडं जड होतं, कारण अडथळा करणारी ग्रंथीच निघून जाते. उलट लघवी सुरळीत आहे, पण हृदय नाजूक आहे, तर पारडं रेडिएशनकडे झुकतं. आतड्याला सूज येण्याचा जुना आजार असेल, तर रेडिएशनआधी दहा वेळा विचार करावा लागतो.

लघवीची गळती

ऑपरेशननंतर गळती का होते? लघवी रोखायला दोन झडपा असतात. वरची मूत्राशयाच्या तोंडाशी, प्रोस्टेटला लागून; ग्रंथी काढताना ती जाते. उरते ती खालची, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची. आजवर दोघींनी वाटून घेतलेलं काम तिला एकटीला करावं लागतं आणि त्यासाठी तिला ताकद कमवावी लागते. म्हणून खोकताना, शिंकताना, खुर्चीतून उठताना, वजन उचलताना थेंब-धार जाते. आडवं पडल्यावर बहुधा नाही. दिवस कलला की हा स्नायू थकतो, त्यामुळे संध्याकाळी गळती जास्त.

प्रोटेक्ट अभ्यासात ऑपरेशननंतर ६ महिन्यांनी ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते. रेडिएशनमध्ये ५ आणि देखरेखीत ४ टक्के. ६ वर्षांनी हेच आकडे १७, ४ आणि ८ झाले. १२ व्या वर्षी ऑपरेशनवाल्यांत २४, देखरेखीत ११ आणि रेडिएशनमध्ये ८ टक्के पॅड वापरत होते. वय वाढतं तशी गळती सगळीकडेच वाढते आणि देखरेखीतल्या अनेकांनी मधल्या काळात उपचारही घेतलेले असतात. एक नोंद दुसऱ्या बाजूनेही द्यायला हवी: रात्री वारंवार उठावं लागण्याचं प्रमाण १२ व्या वर्षी ऑपरेशनवाल्यांत कमी होतं, ३४ टक्के; बाकी दोन्ही गटांत ४७-४८.

"रोबोटिकने गळती होत नाही" असं सांगणारे नातेवाईक तुम्हाला भेटतीलच. त्या अभ्यासातली बहुतेक ऑपरेशनं पोट उघडून केलेली होती, हे खरं. पण ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३२६ पुरुषांना चिठ्ठी टाकून रोबोटिक आणि उघडं ऑपरेशन अशी थेट तुलना झाली. दोन वर्षांनी लघवी आणि ताठरता, दोन्हीत फरक निघाला नाही. रोबोमुळे रक्त कमी जातं आणि माणूस लवकर घरी येतो; हा फायदा आहेच. पण गळती ठरते ती हात कुणाचा यावर. म्हणून यंत्राचं नाव विचारण्याऐवजी सर्जनना विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? माझ्या वयाच्या, शुगर असलेल्यांपैकी किती जण वर्षभरानंतर पूर्ण कोरडे असतात? आणि 'कोरडे' म्हणजे एकही पॅड नाही, की 'खबरदारीचा एक पॅड' चालतो? या शेवटच्या प्रश्नावर उत्तराचा आकडा बराच बदलतो.

ऑपरेशन ठरलंच, तर तीन-चार आठवडे आधीपासून स्नायूचा व्यायाम सुरू करा. स्नायू ओळखायचा असा: चारचौघांत वारा सरणार असेल तेव्हा आपण जो आवळून धरतो, तोच. नग्न उभं राहून आवळलं तर लिंगाचं मूळ किंचित आत ओढलं जाऊन वृषण वर उचललेले दिसतात. पोट, नितंब, मांड्या आवळल्या जात असतील किंवा श्वास रोखला जात असेल, तर चुकतंय. १० सेकंद आवळा, १० सेकंद सोडा, असं १० वेळा. मग १० झटपट आवळ्या. सकाळ, दुपार, रात्र. पहिल्यांदा १० सेकंद जमणार नाहीत, तीन-चारपासून वाढवा. सोडणं हेही आवळण्याइतकंच महत्त्वाचं. सतत आवळून ठेवलेला स्नायू थकतो आणि गळती वाढते. लघवी मध्येच थांबवून सराव करू नका. एकदा स्नायू ओळखण्यापुरतं ठीक, रोज केलं तर मूत्राशय रिकामं होण्याची सवय बिघडते. ऑपरेशनच्या वेळी लघवीसाठी घातलेली नळी आत असताना हा व्यायाम पूर्ण बंद.

नळी ७ ते १४ दिवस राहते. या काळातली एक चूक महागात पडते. नळी चुकून निघाली किंवा तुंबली, तर गावातल्या दवाखान्यात ती परत घालून घ्यायची नाही. मूत्राशय आणि मूत्रनलिका जिथे शिवलेली असते तिथला ताजा जोड फाटू शकतो. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना फोन करायचा आणि त्यांच्याकडेच जायचं. शौचाला जोर केल्यावर नळीत थोडं रक्त दिसलं, तर पाणी वाढवा, बहुतेक वेळा उतरतं. रक्ताच्या गाठी येऊन लघवी थांबली, ताप आला, किंवा एका पोटरीला सूज येऊन दुखू लागलं, तर त्याच दिवशी दाखवा. पोटरीची सूज म्हणजे शिरेत गुठळी असू शकते.

नळी निघते त्या दिवशी पॅड सोबत न्या. पहिल्या आठवड्यांत दिवसाला चार-पाच लागले तर बिथरू नका. दर आठवड्याला एकदा, २४ तासांतले सगळे ओले पॅड एका पिशवीत साठवून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला आणि तितक्याच कोऱ्या पॅडचं वजन वजा करा. १ ग्रॅम म्हणजे १ मिली. पॅडची संख्या फसवी असते, कारण कुणी थेंबावर बदलतो, कुणी भिजून जड झाल्यावर. वजन उतरतंय का, एवढंच बघा. सुधारणा सहा महिने ते वर्षभर चालते. गळतीच्या भीतीने पाणी तोडू नका; गडद लघवीने मूत्राशय चिडतं आणि घाई वाढते. तोडायचाच तर चहा तोडा.

खोकण्याआधी, उठण्याआधी क्षणभर स्नायू आवळायचा, ही सवय लावली तर अर्धी गळती तिथेच थांबते. सहा आठवडे पाच किलोहून जास्त वजन नाही, सायकल-दुचाकी नाही, उकिडवं बसणं शक्यतो नाही. खुर्चीचा संडास वापरा. नंतर काही महिन्यांनी धार हळूहळू बारीक होऊ लागली, तर 'बरं झालं, गळती थांबली' असं समजू नका. जोडावर व्रण येऊन वाट अरुंद होत असते आणि ते वेळेत सांगितलं तर सोपं काम असतं.

वर्षभरानंतरही त्रास राहिलाच तर उपाय आहेत. हलक्या-मध्यम गळतीसाठी आधाराची पट्टी बसवतात, जास्त असेल तर कृत्रिम झडप. लिंगाला लावायचा चिमटा मिळतो, तो लांबच्या प्रवासापुरता ठीक. एका वेळी तास-दोन तासांपेक्षा जास्त ठेवला तर कातडीला इजा होते, आणि शुगर असलेल्याला ती कळतही नाही.

वारीबद्दल: ऑपरेशननंतर किमान तीन-चार महिने मोकळे मिळतील असा हिशेब धरा. आषाढीला जायचं तर ऑपरेशन जानेवारी-फेब्रुवारीत, त्यानंतर नाही. पहिल्या वर्षी पूर्ण अंतर चालण्याऐवजी सकाळचे टप्पे करा आणि दुपारनंतर वाहनात बसा, कारण स्नायू तेव्हाच दमतो. गडद रंगाचं धोतर किंवा पँट, पुरुषांसाठीचे, पुढच्या बाजूला जाडसर असलेले पॅड, वापरलेले टाकायला काळ्या पिशव्या, मांड्यांत घासू नये म्हणून झिंकचं मलम. एवढी तयारी असेल तर गळती असूनही चालता येतं.

नवरा-बायकोचे संबंध

ताठरता आणणाऱ्या नसा प्रोस्टेटच्या दोन्ही कडांना चिकटून, जाळीसारख्या पसरलेल्या असतात. कॅन्सर कडेपासून दूर असेल तर सर्जन त्या सोडवून ठेवतात. पण वाचवलेल्या नसाही ताणल्या जातात आणि महिनोन्महिने सुस्त राहतात. तितका काळ रात्री आपोआप येणारी ताठरता येत नाही, आतल्या पेशींना पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि तिथे तंतू धरतात. लिंगाची लांबी थोडी कमी होते तीही यामुळेच. म्हणून 'बघू, येईल आपोआप' म्हणून बसून राहण्यात तोटा आहे. परत येण्याचा काळ १८ ते २४ महिने.

प्रोटेक्ट अभ्यासात सुरुवातीला ६७ टक्के पुरुषांना संबंधापुरती ताठरता होती. ६ महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांत १२ टक्के, रेडिएशनमध्ये २२, देखरेखीत ५२. ६ वर्षांनी अनुक्रमे १७, २७ आणि ३०. देखरेखीचा आकडाही उतरला, हे बघा. वय आपलं काम करतंच. रेडिएशनचा पहिला मोठा खड्डा काही अंशी हॉर्मोनच्या इंजेक्शनांमुळे होता, कारण त्या अभ्यासात ती सगळ्यांना काही महिने दिली होती. तुमच्या गटात रेडिएशनसोबत ती सहसा लागत नाहीत. कुणी सुचवली तर कारण विचारा. त्याने इच्छाच मरते, घाम फुटतो, पोट सुटतं, स्नायू घटतात, शुगर चढते, हाडं विरळ होतात. आणि वृषण काढण्याचं ऑपरेशन सुरुवातीच्या टप्प्यात कुणी सुचवलं, तर ते नाकारून दुसरं मत घ्या. ते पसरलेल्या आजारासाठी आहे.

तुमची नऊ वर्षांची शुगर इथे आडवी येते. तिने नसा आणि रक्तवाहिन्या आधीच शिणलेल्या असतात, त्यामुळे ऑपरेशननंतर ताठरता परतण्याची शक्यता शुगर नसलेल्यापेक्षा कमी, हे तुमच्या दोघांपासून लपवण्यात अर्थ नाही. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८ च्या खाली आणल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. जखमही त्याने नीट भरते.

काय जात नाही, तेही ऐका. इच्छा जात नाही, ती वृषणांतल्या हॉर्मोनवर असते. सुखाचा क्षणही येतो, फक्त कोरडा. वीर्य बनवणारी ग्रंथी काढलेली असते. त्या क्षणी काहींना लघवीचे थेंब जातात. आधी लघवी करून आलं की बहुतेक भागतं. रेडिएशनमध्ये वीर्य हळूहळू कमी होत जातं आणि ताठरता दोन ते पाच वर्षांत उतरत जाते. एकदम नाही, म्हणून पुष्कळांना ती उपचाराशी जोडायचं सुचतही नाही.

ताठरतेच्या गोळ्यांबद्दल नीट वाचा, कारण तुमची अँजिओप्लास्टी झालीय. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल ही औषधं सॉर्बिट्रेट किंवा कुठल्याही नायट्रेट गोळीबरोबर घेतली, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. छातीत दुखल्यावर घरच्यांनी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवू नये म्हणून ही गोळी चालू असल्याचं बायकोला माहीत असलंच पाहिजे. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास सॉर्बिट्रेट चालत नाही. हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी आधी. दोन जिने न थांबता, छाती न भरता चढता येत असतील, तर संबंधाचा ताण हृदयाला झेपतो, असा ढोबळ अंदाज धरतात. लघवीसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल, तर दोन्हींमुळे उठताना चक्कर येते. वेळा वेगळ्या करून घ्या. आणि बसस्टँडवरच्या 'ताकदीच्या' आयुर्वेदिक पुड्या नकोत. अशा पुड्यांत सिल्डेनाफिलची भेसळ सापडलेली आहे.

परवानगी मिळाली तर दोन पद्धती: टाडालाफिल ५ मिलीग्रॅम रोज, किंवा सिल्डेनाफिल ५० ते १०० मिलीग्रॅम गरजेपुरतं, तासभर आधी आणि रिकाम्या पोटी. तुपाच्या जेवणावर घेतली तर उशिरा आणि कमी चालते. उत्तेजना नसेल तर गोळी काहीच करत नाही. सहा-आठ प्रयत्नांआधी 'फेल' म्हणू नका. जमलं नाही, तर व्हॅक्यूम पंप. त्याची रिंग अर्ध्या तासात काढायचीच. पुढची पायरी, लिंगात बारीक सुईने इंजेक्शन. पहिला डोस दवाखान्यात, कारण प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. ताठरता चार तासांपेक्षा जास्त टिकली, तर थेट इमर्जन्सीत जायचं, सकाळची वाट बघायची नाही. शेवटचा मार्ग इम्प्लांट, पण नसांना सावरायला दीड-दोन वर्षं दिल्यावरच.

रेडिएशनचे दिवस

२० सिटिंग म्हणजे सोमवार ते शुक्रवार, चार आठवडे. ब्रिटनच्याच 'चिप' अभ्यासात ही पद्धत ३७ सिटिंगच्या जुन्या पद्धतीइतकीच गुणकारी ठरली. तुमच्यासारख्या गटासाठी ५ सिटिंगचीही पद्धत आहे. 'पेस-बी' अभ्यासात ५ वर्षांनी आजार ताब्यात असलेले ९५.८ टक्के निघाले, जास्त सिटिंगवाल्यांत ९४.६. लघवीचा त्रास पाचवाल्यांत थोडा जास्त दिसला. कराडहून रोज जाणं-येणं जड जाणार असेल, तर ही सोय आहे का, विचारा.

यात बिघडतं ते तयारीत. प्रोस्टेटच्या मागेच गुदाशय असतो. तो मळाने किंवा वाऱ्याने फुगला की ग्रंथी पुढे सरकते आणि किरण चुकीच्या जागी पडतात. म्हणून रोज पोट साफ करून जायचं. आदल्या आठवड्यापासून रात्री इसबगोल, आणि मटकी, हरभरा, कोबी, वाटाणा महिनाभर बाजूला. मूत्राशय मात्र भरलेलं हवं, म्हणजे आतडी वर ढकलली जातात. लघवी करून यायची, सांगितलं असेल तितकं पाणी, साधारण ४०० ते ५०० मिली, प्यायचं आणि ठरलेला वेळ थांबायचं. पहिल्या स्कॅनला जितकं भरलं होतं, तितकंच रोज. कुणी जास्त पिऊन शौर्य दाखवतो आणि टेबलावर धरवत नाही, मग सगळं पुन्हा.

शेवटच्या आठवड्यांत लघवीला जळजळ, घाई, पातळ शौच होतं आणि पुढच्या चार ते सहा आठवड्यांत बहुतेक उतरतं. जास्त जपायचं ते पुढे. सहा महिने ते दोन-तीन वर्षांनी शौचातून ताजं रक्त दिसू शकतं. अँजिओप्लास्टीनंतर अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर त्यात थोडी भर पडते. तेव्हा कोलोनोस्कोपी करणाऱ्याला रेडिएशन झाल्याचं आधी सांगा आणि गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा विनाकारण काढू देऊ नका, तिथली जखम भरत नाही, छिद्र पडू शकतं. १२ व्या वर्षी शौचाची गळती रेडिएशनवाल्यांत १२ टक्के होती, बाकी दोन्ही गटांत ६.

"काढून मोकळे व्हा" याबद्दल

मुलाचं प्रेम खरं, पण हिशेब अर्धा. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवड्यांनी पीएसए ०.१ च्या खाली जायला हवा. पुढे दोनदा ०.२ किंवा जास्त आला, तर आजार परतला असं धरून रेडिएशन द्यावं लागतं आणि मग दोन्हींचे त्रास एकाच माणसाच्या वाट्याला येतात. ऑपरेशनच्या बाजूने मात्र एक खरा मुद्दा आहे: नंतर रेडिएशन देता येतं, उलट क्रमाने ऑपरेशन करणं फार अवघड. रेडिएशननंतर पीएसए हळूहळू, दोन-तीन वर्षं उतरत राहतो आणि मध्येच थोडा उसळतोही. सर्वांत खालच्या आकड्यापेक्षा २ ने चढेपर्यंत त्याला परतलेला आजार म्हणत नाहीत.

देखरेख म्हणजे काही न करणं नव्हे. दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षभरात पुन्हा एमआरआय आणि बायोप्सी, पुढे गरजेनुसार. प्रोटेक्टमधल्या देखरेखीतल्या ६१ टक्क्यांनी १५ वर्षांत कधी ना कधी उपचार घेतला. म्हणजे त्रास टळला नाही तरी काही वर्षं पुढे गेला. तुमच्या बाबतीत हे चालेल की नाही, हे ग्लीसनमधल्या '४' चा वाटा किती यावर आहे. १० टक्क्यांच्या आत असेल तर विचार करा. रिपोर्टमध्ये 'क्रिब्रिफॉर्म' (पेशींची चाळणीसारखी, जास्त आक्रमक रचना) शब्द असेल तर नको. हे ठरवण्याआधी बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (जपून ठेवलेले तुकडे) मोठ्या कॅन्सर केंद्रात दुसऱ्यांदा तपासून घ्या. तिथेच ३+४ चं ३+३ किंवा ४+३ झालेलं असतं. प्रोस्टेट वाढीसाठी ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड घेत असाल तर तेही सांगा. त्याने पीएसए निम्मा दिसतो.

आमचं मत विचारलंत म्हणून: शुगर, हृदय, आणि गळतीची एवढी धास्ती असताना, लघवीची धार चांगली असेल तर आम्ही तुम्हाला हॉर्मोनशिवाय रेडिएशनकडे वळवू. '४' चा वाटा अगदी कमी निघाला, तर आधी वर्षभर देखरेख. आयपीएसएस वीसच्या पुढे असेल, तर हे मत बदलेल.

पुढच्या भेटीला मुलाला म्हणा, "आधी दहा मिनिटं आम्ही दोघं आत जातो." बायकोला सोबत न्या. प्रश्न कागदावर लिहून तो कागदच डॉक्टरांच्या हातात द्या, उच्चारायचीही गरज नाही. महात्मा फुले योजनेत तुमचा उपचार बसतो का आणि रोबोटिकचा वरचा खर्च कुणी भरायचा, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून तारीख घेण्याआधी विचारून घ्या. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

उरलेल्या शंका. हा आजार संबंधातून बायकोला लागत नाही. बायोप्सीनंतर काही आठवडे वीर्यात रक्त दिसतं, ते घातक नाही. तुमच्या गटात बोन स्कॅन बहुधा लागत नाही. बाहेरून दिलेल्या रेडिएशनने अंगात किरण राहत नाहीत, नातवाला मांडीवर घ्या. ग्रंथीत कायमचे किरणोत्सारी दाणे बसवले, तरच सुरुवातीचे दोनेक महिने लहान मुलांना फार वेळ मांडीवर घेऊ नये आणि गरोदर बाईजवळ फार वेळ बसू नये.